सारा बर्नार्डच्या नावाने विकली जाणारी लालिक फुलदाणी

प्रश्न – काचवेडी:
नाचणाऱ्या स्त्रियांची उठावाची नक्षी असलेली, साधारण २४ सेंमी उंचीची फ्रॉस्टेड फुलदाणी विकायला आली आहे. तळाशी फ्रेंच काच-कंपनी लालिकची सही कोरलीय, ‘लालिक फ्रान्स’. अभिनेत्री सारा बर्नार्ड यांच्या घरातली, असं टंकलिखित पत्र सोबत आहे. आत पांढुरकी कडी (डागाचं वर्तुळ) दिसते. दावा खरा मानावा का? आणि डाग जाईल का?

जुनीकाच:
पत्र बाजूला ठेवा. वर्णनावरून हे ‘बाकांत’ डिझाइन वाटतंय. ते १९२७ चं आणि बर्नार्डबाई गेल्या १९२३ मध्ये! शिवाय कंपनीचे संस्थापक रने लालिक हयात असताना सही ‘आर. लालिक’ अशी असे. १९४५ मध्ये ते वारले, मग मुलगा मार्क यांनी ‘आर.’ काढला आणि शिसेयुक्त क्रिस्टल आणलं. म्हणजे तुमची वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतरची. रने यांनी बाईंसाठी दागिने घडवले होते हे खरं, त्याच धाग्याला लोक काहीही बांधतात.

भिंगवाला:
+१. उद्या कोणी तीच फुलदाणी ‘आर.’सकट दाखवली, तर तळ दहापट भिंगाखाली तिरक्या उजेडात बघा. वापराचे ओरखडे सहीवरून गेलेले असावेत. सहीच ओरखड्यांवरून गेली असेल, तर ती मागाहून कोरलेली. काच तपासायची तर कोरडं वजन घ्या, मग दोरीने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला टेकू न देता वजन घ्या. कोरड्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागा. येणारा आकडा म्हणजे काचेची घनता: साधी काच २.५ च्या आसपास, २४ टक्के शिसेवालं क्रिस्टल २.९ किंवा वर.

जुनीकाच:
डागाचं: कोमट पाणी आणि पांढरं व्हिनेगर समप्रमाणात, तासभर, मग मऊ ब्रश. रात्रभर ठेवू नका, आम्लाने शिसं बाहेर येतं. सिंकमध्ये रबराची चटई घाला. उकळतं पाणी आणि डिशवॉशर नको. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवा, नाहीतर थेंब सुकून नवे डाग पडतात. कडी क्षारांची असेल तर जाईल. ओली असताना दिसेनाशी होऊन वाळल्यावर परत येत असेल, तर पृष्ठभागच झिजलाय. तिथे घासून उपयोग नाही, पॉलिश केलं तर मॅटपणाही जातो.

भिंगवाला:
भाव करताना याच डिझाइनच्या युद्धोत्तर, डागी नगाचा दर धरा. बाईंच्या नावाचे पैसे शून्य.