ईळी, सुरी आन् धार : तुमच्या घरचे अनुभव सांगा

पायरीवरची

काल सकाळी भावानं गावाकडून फोटो पाठवला. औशाजवळचं आमचं जुनं घर पाडायलेत, स्लॅबचं बांधायचंय. फोटोत नुसता एक काळा दगड, आणि खाली, "ताई, पायरी ठेवायची का ट्रॉलीत टाकू? लवकर सांग, ट्रॉली भरायलेत."

मी पोळ्या करत होते. गॅस बंद करून तिथंच बसले.

त्या पायरीच्या उजव्या कडेला एक खळगा आहे, कैरीच्या फोडीसारखा लांबट. आजीनं, मग काकूनं, मग आईनं त्याच जागी ईळी घासली. बाबांचं खुरपंही तिथंच. घासून घासून दगड आत गेलाय. मी लहानपणी त्यात पाणी ओतून मुंगळे पोहायला सोडायचे. आई माळवं चिरायच्या आधी दोन घोट पाणी शिंपडायची, खर्र खर्र, आणि मग अंगठा धारेवर आडवा फिरवून बघायची. आडवा. उभा फिरवला की बोट गेलं, हे तिचं पहिलं शिक्षण.

लग्न होऊन संभाजीनगरला आले. फ्लॅटमध्ये ओटा, मग ईळी कुठं मांडायची? मिक्सरबरोबर फुकट आलेल्या सुरीवर चार वर्षं काढली. मग यांनी वाढदिवसाला अठराशेची सुरी आणली. आठ महिन्यांत मी तिची वाट लावली. सरळ ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरायचे, आणि काम झालं की सिंकमध्ये कुकरखाली. शेवटी दारावर आलेल्या धारवाल्याला दिली. त्यानं सायकल उभी केली, चाक फिरवलं, ठिणग्याच ठिणग्या. लेकरं खूश. सुरी परत आली ती बोटभर अरुंद होऊन, आणि पाचव्या दिवशी टमाटं कापायच्या ऐवजी दाबायला लागली.

आता साधीच साडेतीनशेची आहे, पण लाकडी पाटावरच चिरते, लगेच धुऊन पुसून ठेवते, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी १००० नंबरच्या दगडावर घासते (नंबर जेवढा मोठा तेवढा दगड बारीक). दगड आधी पाण्यात भिजवायचा. पातं जवळजवळ आडवं, पाठ दगडापासून दोन रुपयांची पाच-सहा नाणी सारावीत एवढीच वर. परीक्षा टमाट्याची. सुरी नुसती ठेवायची, दाबायची नाही, पुढं ओढायची. साल आपोआप सुटली तर धार आहे.

तुमच्याकडं काय आहे? ईळी का सुरी, कुठून घेतली, कशी सांभाळता? लिहा.

शेंगाचटणी

आधी दगड ठेवा म्हणून कळवा भावाला!! बाकी नंतर

शेंगाचटणी

हां आता लिहिते, दूध उतू जायलं होतं. आमच्याकडं अजून ईळीच. सासूबाईंचे गुडघे गेले तरी खाली बसूनच चिरतात, उठवायला दोघं लागतात. मी ओट्यावर सुरीनं केलेली गवार त्यांना "तोडल्यासारखी" लागते. खरं सांगू का, लागते. ईळीवर दोन्ही हात भाजीला मोकळे असतात म्हणून मेथी, पत्ताकोबी बारीक होते तशी सुरीनं माझ्याच्यानं होत नाही. पण लोखंडी ईळीवर वांगं चिरलं की काळं पडतं, लगेच मिठाच्या पाण्यात टाकावं लागतं.

माळेगावचा_घोडा

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या माळेगावच्या जत्रेला लोक घोडे, गाढवं बघायला जातात. आमची आजी ईळी घ्यायला जायची. घिसाडी, म्हणजे फिरते लोहार, पालं टाकून बसलेले असायचे, बाप्या भाता मारायला आन् बाई घण. आजी एक एक ईळी उचलायची. आधी नखानं पात्याला टिचकी. टण्ण वाजलं तर कडेला ठेवायची, बद्द वाजलं तर परत ढिगात. मग डोळ्यासमोर धरून उन्हाकडं बघायची, धारेवर कुठं चकाकलं की नाही घ्यायची. म्हणायची जिथं चकाकतं तिथं धार बसलेली नाही. मग नखावर हलकी टेकवायची, घसरली तर नको, रुतली तर घे. आन् शेवटी भाव. भावात अर्धा तास जायचा, मी रडून रडून रेवड्या वसूल करायचो.

घिसाडी एकच सांगायचा, "माय, हे गाडीच्या पाट्याचं हाय". म्हणजे ट्रकच्या कमानपाट्याचं. खरं असायचं का नाही देव जाणे पण एक ईळी आजी गेल्यावरही अकरा वर्षं चालायली. दरसाली थोडी बारीक होत होत आता बोटाएवढी राहिली.

भट्टी_नंबर_तीन

जालन्यात रोलिंग मिलमध्ये आहे म्हणून जरा बोलतो, कंटाळा आला तर पुढं जा.

घोडा दादा, घिसाडी खोटं सांगत नव्हता. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का असतो, म्हणून त्याला पाणी पाजता येतं. आमच्याकडं निघणाऱ्या सळईत कार्बन कमी, तिची ईळी केली तर चार दिवसांत बोथट. पाणी पाजणं म्हणजे तापवून लाल करून एकदम गार करायचं. त्यानं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. मग पुन्हा थोडं तापवून त्याचा ताठा उतरवायचा. घिसाडी हे नुसत्या रंगावर ओळखतात. आमच्याकडं त्याला मीटर लागतं.

आणि पायरीवरच्या ताई, तुमच्या अठराशेच्या सुरीचं काय झालं तेही यातच आहे. कोरड्या चाकावर जोरात घासलं की धारेची कड तापते, कारण तिथं धातूच किती उरलेला असतो, कागदाएवढा. साध्या पोलादावर निळसर डाग दिसला की समजायचं ३०० अंशांच्या आसपास गेलं. पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. म्हणून ओला दगड. किंवा धारवाल्यालाच सांगायचं, हळू फिरव आन् मधी मधी पाण्यात बुडव. चांगले धारवाले न सांगता बुडवतात.

स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नाही, कमी गंजतं. त्यात क्रोमियम १०.५ टक्क्यांच्या वर असतं. मीठ-लिंबू लावून रात्रभर सिंकमध्ये ठेवली तर तिलाही टिपके पडतात.

बोट_वाचलं

सिंकवरून आठवलं. आमच्या ह्यांनी भांडी घासायचा उत्साह दाखवला होता एकदाच, लग्नाच्या वाढदिवसाला. फेसाच्या पाण्यात सुरी दिसली नाही. तीन टाके. गंमत म्हणजे ती सुरी बोथट होती! डॉक्टर म्हणाले बोथटच जास्त कापते, जोर लावावा लागतो आणि जोर लावला की घसरते. डॉक्टर माझ्या मावसबहिणीचे दीर निघाले, मग टाके राहिले बाजूला, तिच्या मुलीचं स्थळ निघालं. जमलं हो ते. मागच्या मे महिन्यात लग्न झालं परभणीला, जेवायला काय वरण होतं!

ह्यांनी पुन्हा भांड्याला हात लावला नाही हे सांगायला नको.

शेंगाचटणी

@बोट_वाचलं ह्यांनी मुद्दाम कापून घेतलं असणार 😂

पेठेतली_पुणेरी_सून

मूळची पुण्याची, दिलंय परभणीला. पहिल्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या "सांबार बारीक चीर". मी डाळ शिजायला लावली. त्या सुरी घेऊन उभ्या आणि मी कुकर घेऊन. कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे लग्नाआधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

माळेगावचा_घोडा

पत्रिकेत लिहायला पाहिजे होतं ओ, खाली टीप म्हणून

काहून_की

सांबार बोथट सुरीनं चिरलं की पाटावर हिरवं पाणी सुटतं, बघा कधी. धारदारनं चिरलं की पाट कोरडा राहतो आन् दुसऱ्या दिवशीपर्यंत काळं पडत नाही. चिरल्यावर सुरीच्या धारेनं पाटावरून खरडून गोळा करू नका, तेच जास्त वाईट. सुरी उलटी करायची, पाठीनं लोटायचं. हे मला एका हॉटेलच्या वस्तादानं शिकवलं, त्याच्याकडं चार महिने कांदे चिरले मी. रोज २० किलो. रडणं पहिल्या आठवड्यातच संपलं.

डावरी

डावऱ्यांचं कुणी बोलतच नाही. मी डावखुरी. आईची ईळी मला कधीच जमली नाही, पाय, हात सगळं उलटं. शिव्या खाल्ल्या. सुरी सरळ दोन्ही बाजूंनी घासलेली असेल तर फरक पडत नाही, पण काही जपानी सुऱ्या एकाच बाजूनं उतरत्या असतात, उजव्या हातासाठी. मी हौसेनं अशी मागवली, काकडी चिरली की प्रत्येक चकती तिरकी. नणंदेला दिली. आता नाकिरी म्हणतात ती वापरते, चौकोनी पात्याची, भाजीसाठीच असते, दोन्हीकडून घासलेली. सरळ खाली टेकते त्यामुळं पत्ताकोबी शेवटपर्यंत तुटते, माळेसारखी लोंबत नाही. मटण-हाडाला मात्र अजिबात नाही, दात पडतील. डांगरालाही (लाल भोपळ्याला) मी जुनी जाड सुरीच घेते.

अभ्यासिका_रूम_नं_७

संभाजीनगरात स्पर्धा परीक्षा करायलो. चार जणांत एक सुरी, ती पण आधीच्या पोरांनी सोडून गेलेली. धार लावायला दगड कुठला, चहाचा चिनी मातीचा कप उपडा करायचा, बुडाला जे खरबरीत गोल कडं असतं त्यावर सुरी दोन्हीकडून आठ-दहा वेळा ओढायची. चालतंय. कांदा-टमाट्यापुरतं. पण पार मेलेल्या धारेला नाही चालत.

दगड कितीला येतो ताई?

पायरीवरची

@अभ्यासिका_रूम_नं_७ मी दोन बाजूंचा घेतला, १०००/३०००, साडेसहाशेला. तू आत्ता घेऊ नको, कपावरच भागव. पास झाल्यावर घे.

अभ्यासिका_रूम_नं_७

मग अजून वेळ हाय

गोदाकाठ

आमचं नांदेड. गुरुद्वाऱ्याजवळच्या दुकानांत कृपाणी मांडलेल्या असतात, त्यांच्यातच कुठं कुठं छोट्या सुऱ्या पण मिळतात, मूठ पक्की. मूठ बघायचीच. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं आहे का, आणि रिबिटा हलतात का. आमची आधीची सुरी मुठीतून निघून डांगरात राहिली आणि मूठ हातात. पाहुण्यांसमोर.

वडील गावातल्या शिकलगाराकडंच धार लावून आणायचे. तो दसऱ्याच्या आधी आठ दिवस रात्रीचा पण बसायचा, कारण खंडेनवमीला सगळ्यांची हत्यारं पुजायला लागायची. आमच्याकडं त्या दिवशी ईळी, सुरी, अडकित्ता, वडिलांचा वस्तरा, सगळ्याला हळदी-कुंकू. आणि त्या दिवशी ईळीला हात लावायचा नाही! मग आई आदल्या दिवशीच भाज्या चिरून ठेवायची. लहानपणी वाटायचं देवाला सुट्टी नाही पण ईळीला आहे.

सजगुऱ्याचा_उंडा

कुणी येळवसचं (वेळ अमावस्येचं) काढलंच नाही अजून?? लातूरचे असून? अमावस्येच्या आदल्या रात्री भज्जीसाठी (सगळ्या भाज्या मिळून करतात ती) किती चिरावं लागतं! वांगी, गाजर, घेवडा, मेथी, पातीचा कांदा, वर हरभरा आन् तुरीचे दाणे सोलायचे. आमच्या घरात रात्री अकरापर्यंत चार ईळ्या चालायच्या, बायका गोल करून बसायच्या आणि गावभरच्या गोष्टी. धार गेली की एकमेकींच्या ईळीच्या पाठीवर पातं घासून घ्यायच्या, दोन मिनिटांत काम परत सुरू.

यंदा मी एकटीनं सुरीनं केली. सात वाजता झाली पण. गोष्टी काहीच कळल्या नाहीत.

भट्टी_नंबर_तीन

पाठीवर घासणं म्हणजे धार लावणं नव्हे बरं का, वाकलेली कड सरळ होते. हॉटेलवाल्यांकडची लांब सळई तेच करते. म्हणून लगेच फरक दिसतो आन् टिकत नाही.

सजगुऱ्याचा_उंडा

टिकायला कशाला पायजे दादा, भज्जी झाली की झालं 😀

लोखंडप्रेमी

लोखंडीवाल्यांनी एवढंच करा. चिरून झालं की धुवा, पुसा, चुलीजवळ दोन मिनिटं वाळू द्या, तेलाचं बोट फिरवा. रोज वापरली की हळूहळू काळपट-निळी होते, ती घासून पांढरी करायच्या नादी लागू नका. ते गंज नाही. लाल दिसलं तर गंज. आमच्या बाईनं (कामाच्या) चोथ्यानं घासून चकचकीत केली, दुसऱ्या दिवशी सगळी लाल.

शेंगाचटणी

काचेच्या पाटावर चिरणाऱ्यांचं काय? जावेनं आणलाय, फुलांचा. आवाज ऐकूनच दात शिवशिवतात

काहून_की

त्यावर पोळी लाटा म्हणावं

पायरीवरची

सगळे वाचले, ऑफिसमध्ये हसायले म्हणून शेजारणीनं विचारलं काय झालं.

दगड राहिला! भावानं ट्रॉली भरली होती, पण वहिनीनं आधीच तो ओढून गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवला होता. तिलाही त्यावर ईळी घासायची सवय. मला फोनवर म्हणाली, "ताई, तुम्ही नका नेऊ, मी काय करू मग?" आता यावर काय बोलावं. मग ठरलं की दगड फोडायचा नाही, घासायला कडा दोन आहेत, तर एक तिची आणि एक माझी, मी गेले की. पण आई म्हणतेय, दगड ताईकडंच संभाजीनगरला पाठव, तिथं सुरी तरी नीट चालेल. आईचा दगड, तिचं ऐकावं लागणार. दगड असेल ५०-६० किलो, एसटीनं कसा आणू?

माळेगावचा_घोडा

आमचा टेम्पो जातोय बुधवारी लातूरहून संभाजीनगरला, टरबुजं घेऊन. औसा थोडं वाकडं पडतं पण चालतंय. दगड कुठनं उचलायचा ते सांगा, आन् वहिनींना आधी विचारा. भांडण लावून मी दगड नेणार नाही.