दुसरी मोटार घ्यावी की एकीवरच भागवावे?

जुळेकर:
आम्ही सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ या भागात राहतो. घरात एक मोटार आहे आणि ती यजमान चिंचोळी एमआयडीसीत नेतात. माझे कार्यालय सात रस्त्याजवळ, घरापासून सुमारे पाच किलोमीटरवर आहे. गेल्या पावसाळ्यात खड्ड्यात स्कूटर घसरली, तेव्हापासून तिच्यावर बसण्याचा धीर होत नाही. म्हणून सहा लाखांचे कर्ज काढून दुसरी मोटार घेण्याचे घाटत आहे. मात्र आमच्या गल्लीत आत्ताच दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या असतात आणि पाण्याचा टँकर आला की तीन घरांच्या बेल वाजवून त्या हलवून घ्याव्या लागतात. त्यात आपण आणखी एकीची भर घालावी, हे मनाला पटत नाही. मोटारीवाचून रोजची ये-जा कोणी जमवली आहे का?

हिशेबी:
9 टक्के व्याजाने 5 वर्षांसाठी सहा लाख घेतल्यास महिन्याचा हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास येतो. कामाचे पंचवीस दिवस धरले, तर चावी फिरवण्याआधीच रोजचे पाचशे रुपये गेले. पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंग त्यानंतरचे. तेवढ्या पैशांत ओळखीचा रिक्षावाला महिन्याच्या बोलीवर ठरवता येईल. मुलांच्या शाळेसाठी आपण ते करतोच, स्वतःसाठी करताना मात्र कमीपणा वाटतो. शिवाय थंड इंजिन पहिल्या काही किलोमीटरांत जास्त पेट्रोल पिते आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुरेसा तापेपर्यंत नीट काम करत नाही. पाच किलोमीटरच्या फेरीचा बराचसा भाग त्यातच संपतो, त्यामुळे अंतराच्या मानाने छोट्या फेऱ्यांचे प्रदूषण अधिक असते.

पायडल:
मी दोन वर्षांपासून बॅटरीच्या सायकलवर कार्यालयात जातो. 250 वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या अशा सायकलला नोंदणी लागत नाही आणि परवानाही लागत नाही. माझे आजोबा गिरणीत होते. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा कसा बाहेर पडायचा, हे ते नेहमी सांगत. तरीही आपल्याला सरसकट सायकलच घ्या, असे म्हणणार नाही. विजापूर रोडवर जड वाहने अगदी कानाजवळून जातात, म्हणून मी आतल्या वसाहतींमधून लांबचा रस्ता धरतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की दुपारी साडेतीनला सायकलच्या मुठीलाही हात लावता येत नाही. त्या दोन महिन्यांत मी शेअर रिक्षाने जातो. ज्यांचा एकदा खड्ड्यात तोल गेला आहे, त्यांनी आधी रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहावी.

थांब्यावरचा:
हे सारे वैयक्तिक तोडगे झाले. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या हालचालीला प्राधान्य द्यावे, असे स्पष्ट म्हटले होते. 12 मीटरच्या बसमध्ये पस्तीस-चाळीसजण बसतात. तेच चाळीसजण एकेकटे मोटारीने निघाले, तर मधल्या फटी धरून किमान 200 मीटरची रांग होते. ती मोटार विजेवर चालणारी असली तरी रांग तेवढीच राहते आणि गल्लीतला टँकरही तेवढाच अडतो. केंद्राने 2023 मध्ये शहरांसाठी दहा हजार ई-बसची योजना जाहीर केली. पण बस दर दहा-पंधरा मिनिटांनी येणार नसेल, तर नव्या गाडीचा रंग पाहायला कोण थांब्यावर थांबेल? सोलापूरकरांना चालणे जमत नाही, हेही मला मान्य नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) 68 शिवलिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा अख्खे गाव त्यांच्यामागे चालते आणि गाडी लांब लावावी लागली म्हणून कोणी कुरकुरत नाही. एरवी नव्या पेठेत मात्र दुकानाच्या पायरीपर्यंत चाक न्यायचे असते (यात मीही आलोच).

जुळेकर:
सर्वांचे आभार. मोटारीचे बुकिंग तूर्त दोन महिने पुढे ढकलले आहे. सायकलचा विचार दिवाळीनंतर करीन. शेजारच्या ताईंचे कार्यालयही सात रस्त्याकडेच आहे, त्यामुळे दोघींत मिळून रिक्षा केली की भाडे निम्मे होईल. रिक्षावाले मामा सोमवारपासून सव्वानऊला यायला तयार आहेत, पण टँकरच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच थांबेन, असे त्यांनी आधीच बजावले आहे.