मदत हवी आहे: गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरचा वूफर एकदम मंद वाजतोय, पुढचे स्पीकर मात्र ठणठणीत

मंडळी, जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गाडी जुनी वॅगनआर. डिकीत ४ चॅनलचा क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायर आहे. पुढच्या दोन चॅनलवर दारातले स्पीकर, मागचे दोन ब्रिज करून (म्हणजे दोन्हींची ताकद एकत्र जोडून) ४ ओहमचा १२ इंची वूफर (बेसचा मोठा स्पीकर). इतकी वर्षं बिनतक्रार चाललं. दिवाळीनंतर बेस हळूहळू उतरला आणि आता गाडी चालू असताना वूफर आहे की नाही तेच कळत नाही. खड्ड्यातून गाडी गेली की मधूनच दणका येतो, परत गप्प. हिरवा दिवा लागलेला असतो, प्रोटेक्टचा (बिघाड ओळखून आउटपुट बंद केल्याचा) लाल दिवा कधीच लागत नाही.

आतापर्यंत तपासलेलं सांगतो. इंजिन चालू असताना अ‍ॅम्पच्या टर्मिनलवरच १३.९ व्होल्ट मिळतात आणि आवाज वाढवला तरी १३.५ च्या खाली जात नाहीत. म्हणजे बॅटरीची केबल, फ्यूज आणि अर्थिंग ठीक असावं. रिमोटच्या निळ्या वायरवर (अ‍ॅम्प चालू करायचा इशारा देणारी) १२ च्या वर आहेत. वूफर काढून पुढच्या चॅनलवर ब्रिज करून लावला तर मस्त वाजतो, तेव्हा वूफरची कॉइल शाबूत आहे. डेककडून (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमकडून) येणाऱ्या पुढच्या आणि मागच्या आरसीए वायरींची (सिग्नल आणणाऱ्या) अदलाबदल केली, तरी मंद आवाज मागेच राहिला.

मग वूफर सोडवून पेनड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा टोन लावला आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मागचे चॅनल वेगवेगळे मोजले. डावा ९ व्होल्ट, उजवा ०.६! गेनचा (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा) नॉब जरा दाबून फिरवला की उजवाही क्षणभर ९ वर जातो आणि पुन्हा पडतो.

अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात म्हणाले, बोर्ड गेला, नवा घ्या. मला ते पटत नाही. आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडाले असते तर प्रोटेक्ट लागायला हवा होता ना? सोल्डरिंग मला येतं. उघडू का? आणि आधी कुठे बघू?

प्रतिसाद:

तुमचा तर्क बरोबर वाटतो. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की बहुतेक वेळा अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जातो किंवा फ्यूज उडतो. इथे उजव्या चॅनलपर्यंत सिग्नलच पोचत नाहीये. ब्रिजमध्ये एक बाजू मेली की वूफरला निम्माच व्होल्टेज मिळतो, आणि निम्मा व्होल्टेज म्हणजे पॉवर पावपट. म्हणून वूफर पूर्ण बंद न पडता मंद वाजतोय.

उघडण्याआधी एकच करा. संगीत बंद ठेवून उजव्या चॅनलच्या स्वतःच्या प्लस-मायनसमध्ये डीसी व्होल्ट मोजा. दहा-वीस मिलिव्होल्ट आले तर चिंता नाही. व्होल्टभर आले तर वूफर अजिबात जोडू नका, कॉइल जळेल.

उघडल्यावर संशयित तीन: आरसीए सॉकेटचं सोल्डर, गेनचा पॉट (नॉबच्या आतला फिरता रेझिस्टर) आणि एलपीएफची (फक्त बेस जाऊ देणाऱ्या फिल्टरची) सरकती बटणं. पॉट व बटणांना इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, गंजावरचा तेलकट स्प्रे नको. आरसीए काढता-घालताना अ‍ॅम्प बंदच ठेवा. अर्थ सैल असताना आरसीए जोडलेली राहिली तर करंट तिच्या जाळीतून परत जातो आणि डेकच्या प्रीआउटची (आरसीए जिथून निघते त्या सॉकेटची) अर्थ जळते. मग सगळ्या स्पीकरमधून इंजिनची शिट्टी सुरू होते, ते दुखणं याहून महाग. आणि बॅटरीची वायर काढल्यावर थोडा वेळ थांबा, आतले मोठे कपॅसिटर चार्ज धरून असतात.

अ‍ॅम्प बसवलाय कुठे?

धागाकर्त्याचं उत्तर:

मनापासून आभार. डीसी १८ मिलिव्होल्ट आले, म्हणून धीर करून उघडला. क्लीनर मारून काहीच फरक पडला नाही. मग टॉर्च तिरकी धरून भिंगातून आरसीए सॉकेटच्या पिना बघितल्या. उजव्या पिनेभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर होती, बोटाने सॉकेट हलवलं की पिन त्यात डुलत होती. जुनं सोल्डर ओढून काढलं, नवीन भरलं, शेजारच्या पिनाही त्याच हाताने करून घेतल्या. आता डावा ९, उजवा ८.९. वूफर जोडल्यावर डिकीचं झाकण थरथरतंय!

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: अ‍ॅम्प दुकानदाराने थेट वूफरच्या बॉक्सवरच स्क्रूने ठोकला होता. त्या हादऱ्यानेच सोल्डर सुटलं असणार, त्यामुळे परत तिथे बसवायचा नाही. मागच्या सीटच्या पाठीवर प्लायची पट्टी टाकून बसवावा की ड्रायव्हरच्या सीटखाली? सीटखाली केबल कमी लागेल, पण पावसाळ्यात कार्पेट ओलं होतं आणि हीटसिंकला हवाही कमी मिळेल. ज्यांनी वॅगनआरमध्ये बसवलाय त्यांनी जागा सुचवावी.