पांढऱ्या पेशी 'लढतात' की 'फितूर होतात'?

कृष्णाकाठ (सांगली): मिरजेला उपचाराला येणाऱ्यांसाठी एक पत्रक मराठीत करतोय. 'पांढऱ्या पेशी कर्करोगाशी लढतात' असं लिहून आत्याला वाचायला दिलं. म्हणाली, "मग माझ्या जावेच्या पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या तवा डॉक्टर घाबरले का रं?" मी गप्प. पुढचं तर आणखी अवघड. गाठीत शिरलेल्या काही भक्षक पेशी (ह्याही पांढऱ्याच, जंतू गिळणाऱ्या) उलट गाठीलाच रक्तवाहिन्या वाढवून देतात, कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या टी-पेशींना गप्प बसवतात. त्यांना एका शब्दात काय म्हणावं?

माहुलीकर (सातारा): फितूर पेशी. आमच्याकडं समजावून सांगायची गरजच नाही.

शुद्धमती: फितूर अरबी आहे. 'पक्षांतरित' का नको?

माहुलीकर: पक्षांतर आमदार करतात. अरबीत फुतूर म्हणजे ढिलाई. बखरीत त्याचा अर्थ कट-कारस्थान झाला, आता फितणारा माणूस झालाय. एवढं फिरून आलेला शब्द घरचाच की ओ.

रक्ततपासनीस (मिरज): आत्याबाई बरोबर बोलल्या. एका मायक्रोलिटरला ४,००० ते ११,००० पाहिजेत तिथं लाख, पण कच्च्या नाहीतर बिनकामाच्या. हा ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. त्या शब्दाचा अर्थच पांढरं रक्त. फिर्खो या जर्मन डॉक्टरनं १८४७ मध्ये दिलेलं नाव. ही फितुरी नव्हे, भरतीच बिघडलेली. शिवाय केमो चालू असलेल्या माणसाला 'तुमच्याच पेशी फितूर' असं छापून हातात देणार? मला नाही पटत.

जुनं_बाड: मुळात 'पेशी'च चुकलंय. आदिपर्वात गांधारीला झाली ती मांसपेशी, लोखंडाच्या गोळ्यासारखी घट्ट. म्हणजे पेशी हीच गाठ! हिंदीवाले अजून स्नायूला पेशी म्हणतात. शालेय पुस्तकातलं 'श्वेत रक्तकणिका' घ्या.

रक्ततपासनीस: कणिका दहावीला सुटली. पेशंट 'पेशी'च म्हणतात, घोळ वेगळाच आहे. डेंगूच्या दिवसांत 'पेशी कमी झाल्या' म्हणजे प्लेटलेट, केमोच्या वॉर्डात पांढऱ्या. एकानं पांढऱ्या कमी झालेल्या वडलांसाठी पपईचा पाला आणला होता.

शुद्धमती: प्लेटलेट पण मराठी नाही.

कृष्णाकाठ: अहो, पत्रक उद्या छापायला जातंय. 'फितूर' ठेवू का काढू?

माहुलीकर: प्लेटलेटला मराठीत काय म्हणतात पण?

जुनं_बाड: रक्तबिंबिका.

रक्ततपासनीस: रक्तपट्टिका. पुस्तक उघडा.