गेटजवळच्या वाफ्यात आता काय?

वीणा (ए-३०२): पाडव्यापर्यंत गेटजवळचा वाफा फुलेल असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ते शब्द मागे घेते. जानेवारीत लावलेले ट्युलिपचे १० गड्डे आज उकरले. सात शिजलेल्या कांद्यासारखे पिचपिचीत, दोनांची नुसती साल उरलीय. एकाला बोटभर पान आलंय. पाकिटावरच्या फोटोत गडद निळी फुलं होती.

ओंकार (बी-१०४): 😂 ऑनलाइनवाल्याला फोटो पाठवा.

वीणा (ए-३०२): पाठवला. तो म्हणतो, तुमची माती खराब.

तात्या (ए-१०१): माती कसली खराब? अगदी निळा ट्युलिप अजून कुणालाच जमलेला नाही, तिथंच ओळखायचं. आणि फुलायच्या आधी त्या गड्ड्याला १२ ते १६ आठवडे कडक थंडी लागते, ९ अंशांच्या आतली. आपल्याकडं पहाटे कानटोपी लागते खरी, पण दुपारी स्वेटर अंगात राहतो का? श्रीनगरला २००७ पासून एवढी मोठी बाग फुलतेय, कारण तिथं हे काम हिवाळाच करून देतो.

ओंकार (बी-१०४): मग फ्रीजमध्ये ठेवून लावू की.

तात्या (ए-१०१): ठेव की. पण शेजारी केळी-सफरचंद नकोत. पिकणाऱ्या फळांच्या वायूनं आतली कळी जळते. आणि पुढच्या वर्षी परत नवीन गड्डे विकत.

मंगल मावशी (ए-१०२): माझ्या फ्रीजात इडलीचं पीठ मावेना. 🙏

तात्या (ए-१०१): मी सांगालोय ते ऐका. निशिगंध लावा.

ओंकार (बी-१०४): तात्या, नवीन काहीतरी हवं होतं. निशिगंध म्हणजे हारातलं फूल.

तात्या (ए-१०१): त्यातही नवीन जाती आहेत लेका. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या संशोधन संस्थेनं ‘शृंगार’ काढली, मग ‘शृंगार’ आणि मेक्सिकन सिंगल यांच्या संकरातून ‘प्रज्वल’. कळीवर गुलाबी झाक, उमलली की पांढरी. डबल हवी तर ‘सुवासिनी’, दांड्यावर पाकळ्यांचे थरावर थर. पण वासाला एकेरीच सरस, माझं मत. पानंच शोभेची हवीत तर लखनौची ‘सुवर्णरेखा’. गॅमा किरणांनी केलेली, पानाला सोनेरी पट्टा.

वीणा (ए-३०२): पण काका, त्या वाफ्यात जूनपासून पाणी तुंबतं. परत तेच होणार.

तात्या (ए-१०१): तुंबलं तर निशिगंधही कुजेल. वीतभर उंच गादी करायची, शेणखत आणि थोडी वाळू मिसळायची. बोराएवढे, दाबून घट्ट लागतील तेच गड्डे घ्यायचे, दोन-अडीच इंच खोल. मेअखेर लावलेत तर गणपतीच्या आसपास दांडे येतील.

ओंकार (बी-१०४): आपल्या माळीमामांचा व्हॉइस मेसेज आलाय. ते एवढंच म्हणालेत, “सुगंधराज हाक्रि.” म्हणजे निशिगंध लावा.

तात्या (ए-१०१): बघा. कन्नडमध्येही निशिगंधच जिंकला.

मंगल मावशी (ए-१०२): माझ्या कुंडीतल्या लिलीचे, तुमच्या त्या अ‍ॅमॅरिलिसचे, गड्डे वाढलेत, निपाणीहून माहेरचे. तांबडं फूल, मध्ये पांढरी रेघ. दोन-तीन देईन.

वीणा (ए-३०२): मावशी, हॉलंडमधल्या डबल लिलीचे फोटो पाहिलेत का? गुलाबासारख्या पाकळ्या!

मंगल मावशी (ए-१०२): पाहिले गं. केवढ्याला एक ते पण पाहिलं. आमची फुकट आहे.

तात्या (ए-१०१): डबलची हौस असेल तर एकच आणा, पण मोठा बघून. लिलीचा गड्डा जेवढा जाड, तेवढी फुलं जास्त. मान मातीच्या वर ठेवायची, सगळा पुरला की पावसात मानेतून कुजतो. ती कुंडीतच बरी, जिन्याखाली सरकवता येते.

सेक्रेटरी (बी-२०१): वाचतोय. गादी आणि निशिगंधाला माझी हरकत नाही, मंजूर झालेल्या २००० रुपयांत बसवा. पावती लागेल. निळ्या ट्युलिपचं बिल मात्र सोसायटीच्या खात्यात टाकू नका.

वीणा (ए-३०२): टाकलेलं नाही हो. आणि ते एक पान उपटू का राहू दे?

तात्या (ए-१०१): राहू दे की. पाणी नको घालू फक्त.