माळवदाच्या घराचा दोष नेमका कोणता?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा दाखला देऊन माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरे मुळातच धोकादायक ठरवली जातात. ते मला अर्धेच पटते. लातूर-धाराशिवकडच्या (तेव्हाचे उस्मानाबाद) जुन्या शेतकरी वाड्यांत छताचा भार भिंतीवर नव्हे, तर लाकडी खांबांवर असे. खांबावर तुळई (मुख्य आडवे लाकूड), तिच्यावर सर (लहान आडवी लाकडे), त्यावर किलचण (लाकडी पट्ट्यांचा थर), मग पाला आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ती रचना होती. त्या पहाटे दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती ढासळूनही काही घरांतले असे लाकडी सांगाडे उभे राहिले आणि त्यांच्याखालची माणसे वाचली. जीव घेतला तो प्रामुख्याने आतबाहेरचे थर जोडणारे लांब दगड न घालता नुसत्या चिखलात रचलेल्या भिंतींनी. शिवाय गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी नवी माती चढत गेल्याने माळवदाचे वजनही वाढलेले होते. (जुनी माती खरवडून काढण्याचा कंटाळा बहुतेक घरी असतोच.) त्यामुळे असा वाडा दुरुस्त करताना सांगाडा तसाच ठेवावा, माती मात्र आधी उतरवावी.