सहा महिने बोटं सुजतायत, थकवा जात नाही आणि रिपोर्ट म्हणतात संधिवात नाही. मग काय असेल?

अबोली_कराड
नमस्कार मंडळी. वय ४१, घरी ब्लाउज शिवते, पंधरा वर्षं झाली. गेल्या दिवाळीत ऑर्डरींचा ढीग होता तेव्हा उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची मुळं ठणकायला लागली. वाटलं, कात्रीमुळे. महिन्याभरात डाव्या हाताचीही तीच बोटं धरली, आणि डाव्या हातात मी कात्री कधी धरतच नाही. आता दोन्ही मनगटं आणि पायाचे चवडेपण.

सकाळी मूठ वळत नाही. चहाचं पातेलं सांडशीत धरवत नाही, मुलगा उतरवून देतो. नऊ वाजले की हात जरा सैल होतात. मशीनवर कापड सरकवणं जमतं, पण हुक लावायला घेतले की सुई चिमटीत राहत नाही. एका ब्लाउजला सहा हुक. पूर्वी गप्पा मारता मारता व्हायचे, आता दोन लावले की हात मांडीवर ठेवून बसते. थकवा तर विचारू नका. झोपून उठलं तरी अंगात त्राण नसतं, संध्याकाळी कणकण येते. चार किलो वजन उतरलंय.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, नॉर्मल. आरए फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह, युरिक अ‍ॅसिड ४.१, ईएसआर ५२, हिमोग्लोबिन ९.६. ते म्हणाले, "संधिवात नाही, कॅल्शियम घ्या, टेन्शन घेऊ नका." घरी सगळे म्हणतात वयामुळे होतं.

शेजारच्या वहिनींनी एका गावाहून पुड्या आणून दिल्या. तिसऱ्या दिवशी बोटं मोकळी! पण एक दिवस चुकली की दुप्पट दुखतं. महिना झाला घेतेय, चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागलाय.

मला या दुखण्याचं नाव हवंय. नाव नसलं की लोकांना ते नाटक वाटतं. आणखी काय तपासायचं, कुणाकडे जायचं?

मिरजकर
ताई, मी लॅबमध्ये काम करतो. निदान करणारा मी नव्हे, पण दोन गोष्टी सांगतो. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आमवात (सांधे सुजवणारा संधिवाताचा प्रकार) नाही, असं होत नाही. आमवाताच्या साधारण १०० पैकी २० ते ३० जणांत तो निगेटिव्हच असतो. सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रेसुद्धा स्वच्छ येतो, कारण हाड झिजायला वेळ लागतो. सूज आधी सांध्याच्या अस्तरात असते आणि ती सोनोग्राफीत दिसू शकते. ईएसआर ५२ म्हणजे शरीरात कुठेतरी दाह चालू आहे. हिमोग्लोबिन कमी असलं की ईएसआर थोडा वाढतो, पण सुजलेली बोटं बघता तेवढ्यावर सोडू नका. अँटी-सीसीपी (आमवाताची जास्त नेमकी रक्ततपासणी), सीआरपी (दाहाची), एएनए (ल्युपससारख्या आजारांची), टीएसएच (थायरॉइडची) आणि लघवीची साधी तपासणी यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

इंदापूरची_लेक
हाडांच्या नाही, सांध्यांच्या आजारांच्या डॉक्टरांकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जा. आमच्या शेजारच्या भिगवणमध्ये १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूनं घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती, तेव्हापासून आमच्या भागात हा शब्द थोडा तरी कानावर आहे. बाकी ठिकाणी लोक वर्षं घालवतात. माझ्या आईची दोन गेली, बोटं वाकडी झाली ती झालीच.

एक करा. सकाळी उठल्या उठल्या हाताचा फोटो काढून ठेवा. आपण दुपारी दवाखान्यात पोचतो तेव्हा सूज उतरलेली असते, मग डॉक्टरांना काय दिसणार? मूठ किती वाजता वळली तेही लिहून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त वेळ आखडत असेल तर ती महत्त्वाची खूण आहे.

सातारी_तात्या
पोरी, पुड्यांचं ऐकून काळजात धस्स झालं. तिसऱ्या दिवशी एवढा उतार आणि तोंडावर सूज, म्हणजे त्यात स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. पण घाबरून एकदम बंदही करू नकोस. महिनाभर घेतल्यावर अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. उरलेली पुडी कागदासकट डॉक्टरांपुढे ठेव. रागावले तर रागावू देत. लवकरात लवकर जा.

मिरजकर
तात्यांचं शंभर टक्के खरं. स्टिरॉइडनं सूज दबते आणि रिपोर्टही फसवे येतात. चिकुनगुनिया होऊन गेला होता का, तेही डॉक्टरांना सांगा. त्याची सांधेदुखी महिनोन् महिने रेंगाळते आणि हुबेहूब अशीच दिसते.

अबोली_कराड
मंडळी, दोन महिन्यांनी लिहितेय. मिस्टरांनी सुट्टी काढली, पुण्याला जाऊन आलो. डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून मोजला, अठ्ठावीस सांधे. आजवर माझ्या हाताला कुणी हात लावला नव्हता, सगळे कागदच बघायचे. फोटो त्यांनी मोठे करून पाहिले. पुडी दाखवली तर रागावले नाहीत. पुडीऐवजी मोजून स्टिरॉइडची गोळी दिली आणि ती हळूहळू कमी करतायत.

अँटी-सीसीपी २०० च्या वर आलं. आमवातच आहे. बाहेर बाकावर बसून रडले, पण खरं सांगते, हायसंही वाटलं. मिस्टर नुसते म्हणाले, "मला वाटलं तू कंटाळलीस कामाला." तेव्हापासून पहाटेचा चहा तेच टाकतात.

मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी सुरू आहे, आठवड्यातून एकदाच. डॉक्टरांनी चिठ्ठीवर वार लिहून दोनदा गोल केला, कारण चुकून रोज घेतली तर विषबाधा होते. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, आणि यकृत आणि रक्ताच्या तपासण्या ठरलेल्या. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात म्हणाले. सहावा चालू आहे. थकवा अजून आहे. काल मात्र एका ब्लाउजचे चार हुक लावून झाले, उरलेले दोन लेकीनं लावले.

इंदापूरच्या ताई, एक विचारायचं होतं. माझा वार रविवार आहे आणि सोमवारभर मळमळतं, नेमकी तेव्हाच गिऱ्हाइकं मापाला येतात. तुमच्या आईही हीच गोळी घेत असतील तर कुठल्या वारी घेतात? पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून वार बदलून घेईन म्हणते.